हातचे राखून

शाळेत बेरीज शिकवताना गुरुजींनी 'हातचा' शिकवला. पुढे घरात 'हातचे राखून' वागायला आईने शिकवले. पगार सगळा उडवायचा नाही, डब्यातले पीठ तळाला जाऊ द्यायचे नाही, पाहुणा कधी दारात उभा राहील सांगता येत नाही. आज ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे, ती वाचताना-समजून घेताना मला हाच शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिला. ही गोष्ट आहे संगणकातल्या प्रोसेसरची. नवा प्रोसेसर बसवला की त्यातून आणखी थोडा वेग कसा काढता येईल, या माणसाच्या हौसेची. मी इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या हौसेपायी एकदा माझ्या हातून एका मुलीवर अन्याय झाला, म्हणून मी तिच्या मुळाशी जायचा प्रयत्न केला.

१९९९ सालची गोष्ट. सोलापुरातल्या एका छपाईच्या दुकानात मी मुद्रितशोधनाचे काम करीत असे. लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तके, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. त्या वर्षाच्या सुरुवातीला मालकांनी नवा संगणक जोडून घेतला. जोडणारा पोरगा हुशार होता. मला म्हणाला, "भाई, कंपनीने हा तीनशेचा म्हणून विकलाय, पण पळतो साडेचारशेला. पैसे तेवढेच!" संगणक सुरू होताना सेटिंगचा जो पडदा येतो, त्यावर त्याने एक आकडा बदलला. पाने भराभर उघडू लागली. मालक खूश, आम्हीही खूश.

मग सोलापूरचा उन्हाळा आला. त्या वेळी एका निवृत्त शिक्षकांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या ओव्यांचा संग्रह आमच्याकडे जुळणीला होता. प्रुफांत विचित्र चुका दिसू लागल्या. कुठे वेलांटी गायब, कुठे एका अक्षराच्या जागी भलतेच चिन्ह. जुळणी करणारी मुलगी विशीतली होती. मी तिला बोललो. एकदा नाही, तीनदा बोललो. ती एवढेच म्हणाली, "सर, मी असं टाईप केलं नव्हतं." मालकांनी तिचे पैसे कापले. आठवड्याभरात तिने काम सोडले.

त्यानंतर एका दुपारी कागद अडकला म्हणून तेच पान दोनदा छापावे लागले. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि मी चमकलो. चुका दोन्हींत होत्या, पण वेगवेगळ्या ठिकाणी! माणसाची चूक एकदा झाली की जागेवर राहते. ही चूक जागा बदलत होती. त्या पोराला बोलावले. त्याने तो आकडा पुन्हा तीनशेवर आणला आणि चुका थांबल्या.

झाले होते ते असे. प्रोसेसर हा ठेक्यावर काम करतो. संगणकाच्या मुख्य बोर्डावर क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो. तो ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्या ठेक्यावर प्रोसेसरमधले लाखो विजेचे कळ एकदम उघडतात, मिटतात. सेकंदाला दहा लाख ठेके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. ठेका वाढवला की काम लवकर होते. पण एका ठेक्यात जे काम पुरे व्हायला हवे, ते पुढचा ठेका पडायच्या आत झाले नाही, तर शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य धरला जातो. उष्णता वाढली की ही जोखीम वाढते. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असे. त्यातला एक आकडा हलला की वेलांटीचे भलतेच काही होई. यंत्र बंद पडले असते तर आम्ही त्याला दोष दिला असता. ते बंद पडले नाही, गुपचूप चुकत राहिले. म्हणून दोष मुलीला गेला.

पण मग तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेला पळतोच कसा? याचे उत्तर कारखान्यात आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून पुष्कळ चिप निघतात आणि त्या सगळ्या सारख्या उतरत नाहीत. एकाच भट्टीतल्या भाकरीही कुठे सारख्या भाजतात? कंपनी प्रत्येक चिप तपासते, तिची प्रतवारी करते आणि मग तिच्यावर वेगाचा आकडा टाकते. हा आकडा म्हणजे त्या चिपची कमाल ताकद नव्हे. तो एक शब्द असतो. खोली तापलेली असो, वीज थोडी वरखाली होवो, चार-पाच वर्षे जावोत, तरी या वेगाने ही चिप बरोबरच उत्तर देईल, असा तो शब्द. त्यासाठी कंपनी थोडी ताकद हातची राखते. शिवाय बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असेल, तर चांगल्या चिपवरही कमी आकडा टाकून ती विकली जाते. हौशी लोकांनी शोधून काढली ती ही राखलेली शिल्लक.

या शोधाची सुरुवात फार जुनी आहे. पहिला मायक्रोप्रोसेसर, इंटेलचा ४००४, १९७१ साली आला. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि ठेका होता ७४० किलोहर्ट्झ, म्हणजे एक मेगाहर्ट्झही नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यातला ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झचा होता, पण तो चालवला जाई ४.७७ वर. हा विचित्र आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या संकेतावरून. टीव्हीचा पडदा जोडता यावा म्हणून बोर्डावर १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवला होता आणि त्याच ठेक्याला तीनने भागून प्रोसेसरचे काम भागवले होते. म्हणजे घराघरांत पोचलेल्या त्या संगणकाचा वेग प्रोसेसरने ठरवलाच नव्हता, तो शेजारच्याच्या सोयीने ठरला होता.

१९८४ साली आयबीएमचा 'एटी' संगणक आला. त्यात ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले. लोकांनी पेटी उघडली, १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक उपटला आणि तिथे १६ चा खोचला. झाला प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा! पुढे आयबीएमने संगणक सुरू होतानाच्या प्रोग्रॅममध्ये एक तपासणी घातली. ठेका ठरल्यापेक्षा जलद दिसला की यंत्र तिथेच अडे. वापरणारा आणि बनवणारा यांच्यातला लपंडाव तेव्हापासून सुरू आहे.

ज्यांनी १९९० च्या आसपास संगणक हाताळला, त्यांना पेटीवरचे 'टर्बो' बटण आठवत असेल. ते दाबले की तांबडे आकडे वाढत आणि आपल्याला वाटे, यंत्राला पंख फुटले. खरे तर ते बटण वेग कमी करता यावा म्हणून दिलेले होते. जुने काही खेळ ४.७७ मेगाहर्ट्झ गृहीत धरून लिहिलेले होते. नव्या यंत्रावर ते इतके सुसाट पळत की खेळणाऱ्याला हात हलवायला सवड मिळेना. म्हणून यंत्राला हळू चालायला लावायची ही सोय.

दरम्यान दुसरीच एक अडचण डोके वर काढत होती. प्रोसेसर जलद होत होता, पण माहिती साठवणारी मेमरी त्या मानाने मागे पडत होती. स्वयंपाकघरात सुगरण बसली आहे आणि भाजी मात्र मंडईतून एकेक जुडी येते आहे, अशी गत. १९८९ च्या ८०४८६ प्रोसेसरमध्ये चिपच्या पोटातच ८ किलोबाइटचे छोटे कोठार दिले गेले, नेहमी लागणारे सामान हाताशी राहावे म्हणून. १९९२ मध्ये त्याचीच अशी आवृत्ती आली की आत ठेका ६६ चा आणि बाहेर बोर्डावर ३३ चा. आतला आणि बाहेरचा वेग यांची फारकत झाली ती कायमची. म्हणून नवा प्रोसेसर बसवूनही संगणक मंद वाटतो तेव्हा दोष पुष्कळदा प्रोसेसरचा नसतो, त्याला वाट पाहायला लावणाऱ्यांचा असतो.

आणि आले १९९८. आमच्या दुकानात होता तो सेलेरॉन ३००ए त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. या धंद्यातल्या हौशी मंडळींच्या तोंडी आजही त्याचे नाव आहे. बोर्डाचा ठेका ६६ आणि प्रोसेसरचा गुणक साडेचार, असे मिळून तीनशे होत. गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता. पण बोर्डाचा ठेका ६६ वरून १०० केला की साडेचार गुणिले शंभर, साडेचारशे! कुणीही तोंडी करावा असा हिशेब. त्याच्या पोटातले १२८ किलोबाइटचे कोठार प्रोसेसरच्याच वेगाने चाले. कितीतरी महाग असलेल्या पेंटियम २ मधले कोठार चौपट मोठे होते, पण ते अर्ध्या वेगाने चाले. त्यामुळे स्वस्तातली ही चिप महाग चिपच्या खांद्याला खांदा लावू लागली.

गुणकाला कुलूप घालण्यामागे कंपनीची एक तक्रार होती. काही लबाड व्यापारी कमी वेगाच्या चिपवरचा आकडा पुसून मोठा आकडा टाकत आणि ती महाग विकत. हौशी माणूस निदान जाणूनबुजून जोखीम घेतो. इथे गिऱ्हाइकाला पत्ताच नसे. आमच्या मालकांनाही कुठे पत्ता होता, की तो आकडा बदलण्यात जोखीम आहे?

कुलपे आली तशा किल्ल्याही आल्या. २००० सालच्या एएमडी कंपनीच्या काही प्रोसेसरांच्या पाठीवर सोनेरी ठिपक्यांच्या जोड्या होत्या. त्या ठिपक्यांमधली जोडणी तोडून कंपनीने गुणक बंद केला होता. लोकांनी काय करावे? साधी शिसपेन्सिल घेतली आणि दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढली. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते. कुलूप उघडले! आयुष्यभर पेन्सिलीने खाडाखोड करणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट ऐकून जो आनंद झाला, तो सांगता येत नाही.

पण शिल्लक खर्चून टाकायचा मोह हौशी लोकांनाच होतो असे नाही. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल यांनी एकाच आठवड्यात एक गिगाहर्ट्झची, म्हणजे हजार मेगाहर्ट्झची रेषा ओलांडली. चुरस इतकी, की इंटेलने घाईने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बाजारात आणला. तपासणाऱ्यांना आढळले की नेहमीच्या कामांत तो ठीक चालतो, पण लिनक्सचा गाभा जुळवण्यासारखे जड काम दिले की तो कोसळतो. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीला तो परत घ्यावा लागला. हातचे न राखता दिलेला शब्द बनवणाऱ्यालाही पाळता आला नाही.

खरी भिंत होती उष्णतेची. प्रोसेसर जी वीज खातो, ती ठेक्याच्या प्रमाणात वाढते आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. ठेका वीस टक्के वाढवायचा आणि तो पेलावा म्हणून दाब दहा टक्के वाढवायचा, तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.१. म्हणजे वेग वीस टक्के आणि उष्णता जवळजवळ पंचेचाळीस टक्के जास्त. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान होत जाईल तसा विजेचा दाबही कमी करता येतो, त्यामुळे उष्णता आटोक्यात राहते. तीस वर्षे उद्योग या सवलतीवर जगला. पण ट्रान्झिस्टर फार बारीक झाला तेव्हा बंद कळातूनही वीज झिरपू लागली आणि दाब आणखी उतरवता येईना. २००१ साली इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी इशारा दिला, की असेच चालले तर काही वर्षांत चिपच्या दर चौरस सेंटीमीटरची उष्णता अणुभट्टीच्या बरोबरीला जाईल. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर गमतीने गुडघे टेकून माफी मागितली. गंमत खरी, पण एका युगाचा शेवटही खरा.

मग वाट बदलली. एका प्रोसेसरला फटके मारून पळवण्याऐवजी एकाच चिपवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवायचे. २००५ पासून घरगुती संगणकांत ही पद्धत रुळली. आपल्याकडे पुण्यात या वाटेवर आधीच पावले पडली होती. हव्या त्या ताकदीचा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. एकेकटे पाहिले तर बेताच्या ताकदीचे अनेक प्रोसेसर, पण ते एकमेकांत काम वाटून घेत. मात्र या वाटेलाही मर्यादा आहे. ती जीन अमडाल यांनी १९६७ मध्येच सांगितली होती. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो सगळ्यांना अडवतो. पोळ्या लाटायला दहा जणी बसल्या तरी तवा एकच असेल, तर पंगत तव्याच्या वेगानेच वाढली जाते.

नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलचा कोअर आय७ आला आणि या कहाणीने नवे वळण घेतले. आता चिप स्वतःच आपले तापमान आणि विजेचा भार मोजते आणि जागा दिसली की ठेका आपणहून वाढवते. पूर्वी हौशी माणूस जी शिल्लक शोधत बसे, ती आता कारखाना स्वतःच खर्च करतो. द्रवरूप हेलियमने चिप उणे दोनशे अंशांच्याही खाली थंड करून ९ गिगाहर्ट्झ ओलांडणारे विक्रमवीर आजही आहेत. पण तो खेळ झाला, संसार नव्हे.

आणि शिल्लकच उरली नाही तर काय होते, ते २०२४ मध्ये जगाने पाहिले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे बरेच वरच्या श्रेणीतले प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. गरजेपेक्षा जास्त विजेचा दाब मागितला जात होता आणि त्याने चिप हळूहळू झिजत होती. कंपनीने दुरुस्तीचा प्रोग्रॅम दिला, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. त्यातली एक बाब वाचून मी थबकलो. खेळ बंद पडताना पडद्यावर संदेश येई, की चित्रे दाखवणाऱ्या कार्डाची मेमरी संपली. कार्डाचा काही दोष नव्हता. चुकत होता प्रोसेसर आणि बोट दाखवले जात होते शेजाऱ्याकडे. मला आमचे दुकान आठवले.

मग आज नवा प्रोसेसर बसवणाऱ्याने काय करावे? ठेका वाढवण्याआधी त्याच्या वाटेतले अडथळे दूर करावेत. नवी मेमरी बहुधा आपल्या पाकिटावरच्या वेगाने आपोआप चालत नाही. सेटिंगच्या पडद्यावर जाऊन तिची नोंद निवडावी लागते. मेमरीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात आणि बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेल्या खाचांतच बसवाव्यात, म्हणजे दोन वाटांनी सामान येते. प्रोसेसरवर बसणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नये. हसू नका, पुष्कळ जण विसरतात. उष्णतावाहक लेप वाटाण्याएवढा पुरे. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो ठेका वाढवून कधीच पडत नाही. बोर्डाच्या कंपनीने दिलेला दुरुस्तीचा प्रोग्रॅम घालावा. आणि तरीही हौस असेल, तर विजेचा दाब थोडा उतरवून तोच वेग टिकतो का ते पाहावे. यंत्र थंड राहिले की पुष्कळदा ते आपणहून जास्त पळते. काहीही बदलले तरी रात्रभर कसून तपासणी करावी. आपल्याकडे ती मे महिन्यात करावी, डिसेंबरात नव्हे. थंडीत पास झालेले आमचेही यंत्र उन्हाळ्यातच नापास झाले होते.

चुका कुणाच्या होत्या ते कळले, त्या संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. ती दुसरीकडे कामाला लागली होती, घरी नव्हती. तिच्या वडिलांना सगळे सांगितले. ठेका, स्फटिक, तीनशे, साडेचारशे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे ती खरं बोलत होती, एवढंच ना?" मी हो म्हणालो. कापलेले पैसे मालकांनी दिले, तेही दिले. पुढे ओव्यांचे पुस्तक निघाले तेव्हा त्याची पहिली प्रत मी त्याच घरी नेऊन दिली. त्यातली निम्मी पाने तिने जुळवलेली होती आणि त्या पानांत तिची एकही चूक नव्हती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)